डीजीच्या हीटरचा प्लग पुन्हा पुन्हा का जळतो?

साताऱ्यातल्या एका ३० खाटांच्या हॉस्पिटलची देखभाल बघणाऱ्या मित्रांचा प्रश्न असा आहे: १२५ केव्हीएचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, आणि इंजिनाला २३० व्होल्टवर चालणारा १५०० वॅटचा वॉटर जॅकेट हीटर, म्हणजे इंजिनाभोवतीचं पाणी कोमट ठेवणारा हीटर. दोन वर्षांत तिसऱ्यांदा त्याचा थ्री पिन टॉप, म्हणजे प्लग, वितळला. जास्त करंट गेला की लाइन तोडणारी एमसीबी एकदाही पडली नाही. हीटर चांगला आहे. वायरमन म्हणतो, टॉप-सॉकेटची भानगडच नको, वायर डायरेक्ट जोडून टेप मारू. डॉक्टरांचे एक नातेवाईक म्हणतात, साताऱ्यात काय बर्फ पडतो का, हीटरच बंद करा. काय करावं?

दोन्ही करू नका. हीटर चालू राहू द्या आणि टेपचा जोड अजिबात नको. आता कारणं सांगतो. जरा लांबेल, पण हॉस्पिटलचा डीजी आहे, घाईत उरकण्यासारखा विषय नाही. मी सांगली-मिरज भागात गेली सव्वीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात जीपच्या हीटर प्लगच्या (इंजिनातल्या ग्लो प्लगच्या) वायरिंगपासून केली, पुढे डीजीकडे वळलो.

आधी हीटर लागतो का ते बघू. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या कडेला तर दवबिंदू गोठतात. एवढ्या थंडीत तुमचं इंजिन सुरू होणारच नाही असं नाही, सेल्फ मारला की होईल. अडचण सुरू होण्याची नाही, सुरू झाल्या झाल्या लोड घेण्याची आहे. लाईट गेली की एएमएफ पॅनेल (डीजी आपोआप सुरू करणारं पॅनेल) काही सेकंदांत इंजिन उठवतं आणि ऑपरेशन थिएटर, ऑक्सिजनचे कॉम्प्रेसर, लिफ्ट असा सगळा बोजा एकदम त्याच्या अंगावर टाकतं. ट्रॅक्टरवाला सकाळी पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवू शकतो, डीजीला ती सवड मिळत नाही. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं. डिझेल नीट जळत नाही, धुरांड्यातून पांढरा धूर येतो आणि न जळलेलं डिझेल लायनरवरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरची, ऑइलची पातळ फिल्म धुऊन काढतं. झीज होते ती इथे. अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात, १० सेकंदांत वीज द्यायची असलेल्या सेटच्या जॅकेटमधलं पाणी ३२ अंशांच्या खाली जाऊ नये अशी अट आहे. आपल्याकडचे हीटर साधारण चाळीसच्या आसपास थर्मोस्टॅट लावून येतात ते याचसाठी. बर्फाशी त्याचा संबंध नाही.

बंद ठेवण्यात आणखी एक तोटा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. हीटरच्या एलिमेंटमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड हवेतली ओल ओढते. चालू असलेला हीटर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. पावसाळाभर बंद ठेवलेला हीटर दिवाळीनंतर लावला की आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) पाडतो आणि मग लोक आरसीसीबीलाच दोष देऊन ती काढून टाकतात. असं दोन ठिकाणी बघितलंय.

आता तुमच्या प्लगकडे येऊ. १५०० वॅट भागिले २३० म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. ऐकायला कमी वाटतं, पण घरातली किटली पाच मिनिटं चालते आणि हा हीटर थंडीत रात्रभर चालू-बंद होत राहतो. शिवाय रात्री गावाचा लोड उतरला की व्होल्टेज चढतं. २४५ झालं तर हाच हीटर १७०० वॅट ओढतो आणि करंट सातच्या जवळ जातो. आता तुमचा टॉप हातात घ्या आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. माझा अंदाज आहे की तो ६ अँपिअरचा आहे. सहा-सोळाच्या कॉम्बी सॉकेटमध्ये बारीक पिनचा टॉपही बसतो, म्हणून हाताला लागेल तो बसवला जातो. कॉम्बी सॉकेटचं भोक दोन्ही जाडीच्या पिनांसाठी केलेलं असतं, त्यामुळे बारीक पिनवर त्याची पकड ढिली पडते. म्हणजे टॉप क्षमतेच्या वर चाललाय आणि वर पकडही ढिली.

ढिल्या पकडीत काय होतं याचा हिशोब एकदा मांडून दाखवतो, कारण तो डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं. चांगल्या घट्ट जोडाचा रोध काही मिलीओहम असतो. पाच मिलीओहम धरला तर साडेसहा अँपिअरला तिथे जेमतेम पाव वॅट उष्णता होते, हाताला जाणवतही नाही. तोच जोड ढिला पडून, काळा पडून अर्ध्या ओहमवर गेला तर तिथे २० वॅट होतात. २० वॅट म्हणजे जवळजवळ सोल्डरिंग आयर्न. प्लॅस्टिकच्या टॉपच्या पोटात तुम्ही रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवलंय असं समजा.

आणि एमसीबी का पडत नाही? कारण करंट वाढतच नाही. हीटरचा स्वतःचा रोध ३५ ओहम आहे, त्याच्या मालिकेत अर्धा ओहम वाढला की करंट उलट किंचित कमी होतो. एमसीबीला सगळं आलबेल दिसतं. आरसीसीबीलाही काही कळत नाही, कारण गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय. ढिला जोड पकडणारी कुठलीही गोष्ट तुमच्या पॅनेलमध्ये नाही. तो माणसानेच शोधायचा असतो, नाकाने, हाताने किंवा मीटरने. एमसीबी पडली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हा गैरसमज मला सगळ्यात जास्त त्रास देतो.

एकदा तापलं की ते थांबतही नाही. सॉकेटमधली पितळी पट्टी पिनला दाबून धरते ती तिच्या स्प्रिंगच्या ताणामुळे. वारंवार तापली की तिचा ताण मरतो. ताण मेला की पकड सुटते, पकड सुटली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. म्हणूनच नुसता टॉप बदलून उपयोग होत नाही. जळालेल्या सॉकेटमध्ये नवा टॉप घातला तर तोही जळणारच. तुमच्याकडे तीनदा टॉप बदलला गेला, सॉकेट एकदा तरी बदललं का, हे विचारा.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये काही वर्षांपूर्वी पहाटे तीनच्या सुमारास मला बोलावलं होतं. वॉचमनला डीजी रूममधून माशासारखा वास येत होता, त्याला वाटलं उंदीर मेला असेल. हा वास लक्षात ठेवा. बॅकेलाइट आणि काही प्लॅस्टिकं तापली की असाच वास येतो. सॉकेट भिंतीवर, त्याच्या खाली कॉटन वेस्टची टोपली, टोपलीत डिझेलने ओले बोळे. टॉपचा फेजकडचा भाग मेणासारखा खाली ओघळलेला होता. मी मेन बंद करून टॉप ओढला तर पिन सॉकेटमध्येच राहिली. त्या पिनचं टोक जांभळट-निळं झालं होतं, मुळाशी मात्र पितळ अजून पिवळं होतं. तीच खूण बघायची असते. टोक रंगलंय म्हणजे दोष सॉकेटच्या पट्टीत. त्या रात्री डीजी सुरूच झाला नव्हता, लाईट गेलेली नव्हती. हीटर आपलं रोजचं काम करत होता आणि त्याचा जोड रूम पेटवायच्या बेतात होता. त्यानंतर कुठल्याही डीजी रूममध्ये गेलो की इंजिनाआधी मी हीटरचा प्लग बघतो.

तर जळालेला टॉप उघडून बघायची सवय लावा, त्यात बरंच लिहिलेलं असतं. पिनचं टोक काळं-निळं असेल तर सॉकेट. पिनचं मूळ आणि आतला स्क्रू काळा, वायरचं इन्सुलेशन स्क्रूपासून इंचभर कडक होऊन तडकलेलं, तर दोष स्क्रूच्या ढिलेपणात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही सारखेच भाजलेले असतील तर टॉपची क्षमताच कमी. हिरवट-पांढरी पूड दिसली तर पाणी गेलंय. स्क्रूखाली निम्म्याच तारा असतील आणि बाकीच्या सोलताना कापल्या गेल्या असतील, तर ते वायरमनचं घाईचं काम. हे सगळ्यात जास्त सापडतं.

स्क्रूबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याकडे बारीक तारांच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबायची पद्धत आहे, आणि ती करणारा मनापासून चांगलंच काम करत असतो. पण सोल्डर मऊ धातू आहे. दाबाखाली तो हळूहळू सरकतो, आणि तापला की लवकर सरकतो. आज घट्ट आवळलेला स्क्रू तीन महिन्यांनी ढिला. हीटरचा थर्मोस्टॅट दिवसात कित्येक वेळा चालू-बंद होतो, प्रत्येक वेळी जोड तापतो, फुगतो, थंड होतो, आकसतो. वरून डीजीचं कंपन. त्यामुळे सोल्डर नको. तारेच्या टोकावर योग्य मापाचं थिंबल (धातूची छोटी टोपी) घाला आणि ते क्रिंपिंगच्या पक्कडीनेच दाबा, कटिंग प्लायरने चावून नको. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पुरेशी आहे, पण ती इंजिनाजवळून जाताना साधी पीव्हीसी नको. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश. इंजिनाच्या बाजूचा मीटरभर तुकडा सिलिकॉन रबरची वायर वापरा, ती १८० अंशांपर्यंत टिकते, आणि तिच्यावर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा. एक्झॉस्टच्या पाईपपासून हातभर लांब.

आता तुमचा मूळ प्रश्न, डायरेक्ट जोडायचं का. इथे तुमच्या वायरमनला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. प्लग-सॉकेट मुळात कशासाठी असतं? जे हलतं त्यासाठी. इंजिन गरम ठेवायचा हीटर ज्या देशांत घरोघर आहे, तिथे तो गाड्यांना असतो. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचं पेटंट १९४९ मध्ये मिळालं. कॅनडात थंडीच्या प्रांतांत गाडीच्या जाळीतून प्लग लोंबताना दिसतो आणि पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट असतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये गाडीच्या पुढच्या भागात इनलेटच बसवलेलं असतं. गाडी सकाळी निघून जाणार, म्हणून तिथे जोड सुटणारा हवाच. तुमचा डीजी कुठे जाणार नाही. तेव्हा प्लग नसला तरी चालेल, पण त्याच्या जागी टेपचा पिळा नको. टेपचा पिळा म्हणजे तोच ढिला जोड, फक्त डोळ्यांआड केलेला.

मी असल्या ठिकाणी काय करतो सांगतो. हीटरपासून हातभर अंतरावर, इंजिनाच्या अंगावर नाही तर भिंतीवर किंवा वेगळ्या स्टँडवर, पत्र्याचा जंक्शन बॉक्स. वायर आत जाताना ग्लँड, म्हणजे वायर घट्ट धरणारी बुशिंग. आत पोर्सिलेनचा कनेक्टर, थिंबलसकट. बॉक्सच्या शेजारी दोन पोलचा आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच, त्याला कुलूप लागेल असा. कुलूप का, तर मेकॅनिक कूलंट काढून पंप उघडत असताना कुणीतरी येऊन स्विच चालू करायचा. पाणी नसलेला हीटर मिनिटांत जळतो, आणि मेकॅनिकचा हात त्याच्याच अंगावर असतो. वायरवर यू आकाराची झोळी ठेवा, म्हणजे पाईप गळला तर पाणी वायरवरून ओघळून बॉक्सात न जाता झोळीच्या तळाशी टपकेल.

हॉस्पिटलच्या मेंटेनन्स करारात हीटर काढून नेऊन तपासायची पद्धत असेल आणि तुम्हाला प्लगच हवा असेल, तर घरगुती थ्री पिन विसरा. कारखान्यात असतो तो निळा गोल इंडस्ट्रियल प्लग घ्या, १६ अँपिअरचा, तीन पिनचा. त्याचं झाकण खटकन बसतं, पिना गोल आणि लांब असतात, पकड पूर्ण लांबीवर मिळते. आयपी ४४ म्हणजे शिंतोड्यांपुरता. डीजी उघड्यावर शेडखाली असेल तर रिंग फिरवून घट्ट होणारा आयपी ६७ घ्या. थोडा महाग आहे, पण तुम्ही आतापर्यंत तीन टॉप घातलेतच.

बसवताना मादी भाग नेहमी सप्लायकडे, नर भाग हीटरकडे. सुटल्यावर उघड्या दिसणाऱ्या पिना मेलेल्या असल्या पाहिजेत. हे सांगायची वेळ येते, कारण दोन्हीकडे पिना असलेल्या कॉर्ड मी प्रत्यक्ष बघितल्यात.

काही हीटरना अंगातच इनलेट असतं, कॉम्प्युटरच्या मागे असतं तसं दिसणारं. तसा तुमचा असेल तर इनलेट नीट बघा. कॉम्प्युटरची कॉर्ड सी-१३ प्रकारची, तिच्या पिनेजवळचं तापमान ७० अंशांपर्यंतच चालतं. गरम उपकरणासाठी सी-१५ असते, १२० अंशांची, आणि तिच्या तोंडावर एक खाच असते. इनलेटमध्ये त्या खाचेत बसणारा उंचवटा असतो, तो नेमका थंड कॉर्ड आत जाऊ नये म्हणूनच. ब्लेडने खाच पाडून कॉम्प्युटरची कॉर्ड बसवलेली मी बघितलीय. चार महिन्यांत तिचा रबर बिस्किटासारखा तुटत होता.

अर्थिंगवर मी कधीच तडजोड करत नाही. डीजी रबरी पॅडवर उभा असतो, गाडी टायरवर. दोन्ही जमिनीपासून तुटलेल्या. हीटरच्या एलिमेंटला चीर गेली आणि अर्थ नसेल तर अख्खं इंजिन २३० व्होल्टवर येतं, आणि हात लावणारा माणूसच अर्थ होतो. डीजीच्या बॉडीला नियमाप्रमाणे दोन स्वतंत्र अर्थ हवेतच, ते तुमच्याकडे असतील. पण त्यावर विसंबून हीटरची तिसरी वायर सोडून देऊ नका. थ्री पिनमधली अर्थची पिन जाड आणि लांब का असते? लावताना ती आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ती कापून दोन पिनच्या जागी घुसवणाऱ्याला कामावरून लगेच उतरवा. आणि या एका लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी द्या.

नवं काम सुरू करण्याआधी हीटर सप्लायपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तार आणि बॉडी यांच्यात तपासा. एक मेगाओहमच्या वर असेल तर चालेल. कमी आला तर लगेच फेकू नका, बहुतेकदा ओल असते. बाहेर काढून मंद उष्णतेत वाळवा आणि पुन्हा बघा. वर येत नसेल तर मात्र बदला.

मित्रांनी लिहिलं नाही, पण बघून घ्या: डीजी चालू झाला की हीटर बंद होतो का? चालत्या इंजिनाला हीटर लागत नाही. पॅनेलमधून एक रिले घेऊन इंजिन चालू असताना हीटरची लाइन तोडायची असते. आणि हीटरचे हौज पाईप बघा. गरम पाणी स्वतःहून वर चढतं, त्यावरच हा हीटर चालतो. पाईपला कुठे कमान झाली असेल तर तिथे हवा अडकते, पाणी फिरत नाही, हीटर जागच्या जागी उकळतो आणि थर्मोस्टॅट सतत चालू-बंद होत राहतो. त्याचा ताणही शेवटी त्या बिचाऱ्या जोडावरच येतो.

सांगलीकर म्हणून आणखी एक. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांनंतर मी पाण्यात बुडालेले डीजी उघडलेत. साताऱ्यात तुमचं हॉस्पिटल उंचावर असेल, तरी तळघरात डीजी असला तर पावसाचं पाणी येतंच. बुडालेलं इंजिन साफ करून चालू करता येतं. बुडालेला प्लग, सॉकेट, एमसीबी कितीही वाळवलं तरी परत वापरू नका. कृष्णेचा गाळ पट्टीच्या मागे जाऊन बसतो, तो दिसत नाही आणि निघतही नाही.

काम झाल्यावर हीटर दोन तास सलग चालू द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने जोड बघा. चकचकीत पितळेवर हे यंत्र खोटं, कमी तापमान दाखवतं, म्हणून जंक्शन बॉक्सच्या आत सप्लाय बंद असताना आधीच काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा आणि त्याच्यावर नेम धरा. मी रूमच्या तापमानापेक्षा वीस अंशांपर्यंत चालवून घेतो. तीस अंश चढला की उघडतो. पंधरा दिवसांनी सप्लाय बंद करून स्क्रू एकदा पुन्हा आवळा, नंतर दर सहा महिन्यांनी, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास.

जळालेले तिन्ही टॉप भंगारात गेले नसतील तर त्यांचे फोटो पाठवा. पिनची टोकं आणि आतले स्क्रू, दोन्ही उजेडात, जवळून. सोबत सॉकेटवर किती अँपिअर छापलंय तेही कळवा.